खराड्यांची टाकी

हणमंतराव खराडे फौजेतून निवृत्त झाले ते फक्त कागदावर. चोवीस वर्षं फौजेच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात काढलेली, शेवटी नायब सुभेदार. अठ्ठ्याण्णव सालचा उन्हाळा तोंडावर आला तेव्हा दिल्लीतल्या द्वारकेच्या नव्या सेक्टरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्यांना राहायला येऊन चार महिने झाले होते, आणि या चार महिन्यांत त्यांनी घरात एकही वस्तू जागेवर ठेवली नव्हती. दारांच्या बिजागऱ्यांना तेल पाजून झालं. पंखे उतरवून पुन्हा चढवले. शिलाई मशीन खोलून जोडलं, त्यात एक स्क्रू जास्तीचा उरला आणि तो कुठला हे अजून कोणालाही कळलेलं नाही. घरातलं संपल्यावर ते पाना घेऊन शेजाऱ्यांकडे जाऊ लागले. शेजाऱ्यांनी सुरुवातीला चहा दिला, नंतर दार उघडायला वेळ लावायला सुरुवात केली.

पायाला भिंगरी असलेला माणूस घरात बसवणं म्हणजे काय, हे वैजयंतीबाईंना विचारावं. त्या त्यांच्या पत्नी. लग्न झाल्यापासून कुठल्या ना कुठल्या छावणीच्या क्वार्टरमध्ये राहिलेल्या, अंगानं काटकुळ्या, बोलणं मोजकं. फ्लॅटचा ताबा मिळाला तेव्हा हणमंतराव सरहद्दीवर होते, म्हणून दोन उन्हाळे त्या आणि कॉलेजात जाणारी मुलगी माधवी दोघीच इथे राहिल्या.

आता या नव्या सेक्टरांची गंमत अशी, की इथे सगळं आलं होतं. घरोघरी साठ चॅनेल आले, रस्त्यावर परदेशी मोटारी आल्या, कोपऱ्यावरच्या दुकानात बाटलीतलं पाणीसुद्धा विकायला आलं. नळाचं पाणी तेवढं आलं नाही. सोसायटीच्या बोअरला मचूळ पाणी. त्यात कपडे धुवावेत, फरशी पुसावी, पण डाळ म्हणून शिजायची नाही आणि चहा तोंडात धरवायचा नाही. पिण्याचं गोडं पाणी आणणारा टँकर त्याच्या लहरीप्रमाणे यायचा. त्याचा भोंगा वाजला, की बत्तीस घरांतल्या बायका हातातलं काम टाकून बादल्या घेऊन खाली धावायच्या. हणमंतराव त्या वेळी कुठेतरी कुणाचं तरी कुलूप खोलत बसलेले असायचे. टँकरची रांग हे बायकांचं खातं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं आणि त्यावर पुन्हा विचार केला नव्हता.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी वैजयंतीबाईंनी दोन भरलेल्या बादल्या दारात ठेवल्या, उंबऱ्यावर बसून गुडघा चोळला आणि सांगून टाकलं. "दोन उन्हाळे मी या जिन्यानं पाणी चढवलं. तिसरा चढवणार नाही. गावाला आता दारात नळ आलाय, आणि मी राजधानीत बादल्या उचलतेय. गोडं पाणी माझ्या दारात आलं तर राहीन. नाहीतर मी चालले, तुम्हाला यायचं तर या."

त्या नुसत्या बोलल्या नाहीत. महिना संपायच्या आत त्यांनी माधवीला सरोजिनी नगरच्या आरक्षण खिडकीवर पाठवलं आणि झेलम एक्स्प्रेसची वीस मेची दोन तिकिटं आणवली. पुण्यापर्यंत, फक्त जातानाची. माधवीला हॉस्टेलवर ठेवायचं, फ्लॅट भाड्याने द्यायचा, साताऱ्याकडच्या गावी जाऊन राहायचं. तिकिटं कपाटात कागदाखाली गेली.

हणमंतरावांना ते पटेना. गाव वाईट नव्हतं. पण शेत भावाकडे, घर भावजयीच्या हातात, दारात नळ. तिथे आपण करायचं काय? सकाळी पारावर बसायचं, दुपारी पारावरून उठायचं.  मरणाची भीती त्यांना सरहद्दीवर कधी वाटली नव्हती, ती आता त्या पाराची वाटू लागली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात छावणीलगतच्या एका आवारात फौजेच्या निकाली मालाचा लिलाव होता. ते नुसते बघायला म्हणून गेले, म्हणजे घेऊनच येणार हे उघड होतं. मोडक्या जीपगाड्यांच्या मागे, गवतात, एक पाण्याचा ट्रेलर उभा होता. दोन चाकांवरची नऊशे लिटरची टाकी, वर माणूस उतरेल असं गोल झाकण, मागे ओळीने चार पितळी नळ. टायर चिरलेले, गाडीला जोडायचं जू गंजलेलं, हिरव्या रंगाचे पोपडे सुटलेले. पण पोटावरची पांढरी अक्षरं शाबूत होती: केवल पीने का पानी. हणमंतरावांनी असे ट्रेलर आयुष्यात ढिगाने दुरुस्त केले होते. जुना दोस्त भेटावा तसा त्यांनी त्याच्या पोटावर हात फिरवला आणि बोली लावली. दुसऱ्या कुणी लावलीच नाही.

जवळच्या ककरोला गावातल्या एका चौधरीने आपल्या ट्रॅक्टरला जोडून तो सोसायटीत आणून सोडला. याच चौधरीच्या शेतात, नजफगडच्या वाटेवर, बोअरला गोडं पाणी लागलं होतं. पाणी देईन, रोज दोन खेपा ओढूनही देईन, पण टाकी तुमची, असं त्याचं म्हणणं. दोन खेपांत घरटी चार बादल्या. हणमंतरावांचा हिशेब चोख होता.

वैजयंतीबाई खाली आल्या, त्यांनी ट्रेलरला एक फेरी मारली, झाकणाशी नाक नेलं आणि म्हणाल्या, "याला घासलेटाचा वास येतोय."

"वर काय लिहिलंय ते वाच."

"वाचलं. नाकही आहे मला."

हणमंतरावांनी कानाडोळा केला. फौजेत गाडीवर जे रंगवलेलं असतं ते ब्रह्मवाक्य. पाण्याच्या टाकीत दुसरं काही भरणाऱ्याची तिथे काय गत होते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण हा ट्रेलर फौजेच्या हातून सुटून दोन वर्षं त्या आवारात पडून होता, आणि तिथल्या जनरेटरवाल्याला डिझेल साठवायला आयती टाकी मिळाली असेल, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. लिहिलंय ना, मग आहे. फौजी माणसाचं हे असंच असतं.

पुढचा महिना त्यांना दिवस पुरला नाही. ट्रेलर विटांवर चढवला, चाकं काढली, बेअरिंगमधलं वाळलेलं ग्रीस खरवडून काढलं. टायर मायापुरीच्या भंगारातून आले, झाकणाची रबरी कडी कश्मीरी गेटला अकरा दुकानं पालथी घातल्यावर मिळाली. स्प्रिंगचे पाटे खोलून, घासून पुन्हा बांधले. टाकीच्या तळाला सुईएवढी चार भोकं होती, ती झाळून घेतली. पितळी नळ एकेक करून मांडीवर घेऊन घासले, इतके, की माधवी म्हणाली, "बाबा, बस ना यार, आता त्यात तोंड दिसतंय." जेवायला हाक मारली की ते दोन घास उभ्याने खायचे आणि पुन्हा खाली. एखादं काम संपत आलं की त्यांना आनंद व्हायच्या ऐवजी धास्ती वाटायची, आणि ते घट्ट बसलेला नट उगाच सैल करून पुन्हा आवळायचे.

टाकी आतून धुतली ती मात्र वरूनच, झाकणातून पाइप सोडून. कारखान्यात असताना आत उतरून घासायचं काम पलटणीतल्या सर्वांत बारक्या जवानाला मिळायचं. इथे जवान कुठला? एका दुपारी आजूबाजूला कोणी नाही असं पाहून हणमंतरावांनी स्वतः आत पाय सोडले. पाय गेले, कंबर गेली, पोट अडकलं. पाव तास ते तसे, टाकीतून उगवल्यासारखे, उन्हात अडकून होते. कसेबसे सुटले आणि ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नाही. पाइपाने धुतलंय, तेवढं बास, असं मनाला समजावलं.

सोसायटीचे सेक्रेटरी राजाभाऊ टिल्लू. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये जन्म काढलेले, मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त, बोलणं फायलीवरच्या शेऱ्यासारखं. सुरुवातीला त्यांनी लेखी कळवलं, की पार्किंगमध्ये भंगार ठेवण्यास कमिटीची हरकत आहे. पण ट्रेलरला नवा हिरवा रंग चढला, नळ चमकू लागले, तसे ते दिवसातून दोनदा येऊन उभे राहू लागले. शेवटी त्यांनीच नोटीस लावली: शुक्रवारी सकाळी नऊ वाजता गोड्या पाण्याचं वाटप, नारळ फोडून.

शुक्रवारी बत्तीस घरं खाली उतरली. चौधरीने भरलेला ट्रेलर आणून लावला. नारळ फुटला. मग हणमंतरावांनी खिशातून काठ उडालेला एनॅमलचा पांढरा पेला काढला आणि सगळ्यांना सांगितलं, की त्यांच्या कारखान्यात एक रीत होती. ज्याने टाकी दुरुस्त केली, त्यानेच पहिला पेला प्यायचा, सगळ्यांसमोर. त्याने पिऊन दाखवल्याशिवाय त्या टाकीचं पाणी पलटणीत कोणी तोंडाला लावत नसे. लोकांना ते आवडलं, कोणीतरी टाळ्याही वाजवल्या.

त्यांनी पेला भरला आणि तोंडाला लावला. पाणी गार होतं. घोट खाली उतरला, आणि घशातून नाकाकडे तो वास चढला. फार नव्हे, पुसट. पण चोवीस वर्षं ज्याच्या कपड्यांना डिझेल लागलं, त्याला तो ओळखायला दुसरा घोट लागत नाही.

हणमंतराव पेला धरून उभे राहिले. समोर बादल्यांची रांग. राजाभाऊ नव्या सदऱ्यात. कपाटात कागदाखाली दोन तिकिटं, आणि वीस तारखेला बारा दिवस. न बोलता पेला खाली ठेवला असता, तर लोकांनी पाणी नेलं असतं. वास कोणाला आला असता, कोणाला नसता, चार दिवसांत गेलाही असता कदाचित. त्यांनी वैजयंतीबाईंकडे पाहिलं. त्या बादली घेऊन रांगेत तिसऱ्या होत्या, आणि पाण्याकडे नव्हे, त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

ते खाली वाकले आणि टाकीच्या तळाचं बूच पान्याने फिरवलं. नऊशे लिटर गोडं पाणी पार्किंगमध्ये धो धो वाहू लागलं.

लोक मागे सरले. राजाभाऊ पुढे आले. "खराडेसाहेब, हे काय करताय? अहो, थोडंफार चालतं. पब्लिक उन्हात उभी आहे."

"पाणी खराब आहे," हणमंतराव म्हणाले. "जे मला पिववत नाही ते तुमच्या पोराबाळांना मी पाजणार नाही."

बत्तीस घरं रिकाम्या बादल्या वाजवत वर गेली. जाताना कोणी हसलं, कोणी 'हात दाखवून अवलक्षण' म्हणालं, आणि ते पाठीमागे नव्हे, चांगलं ऐकू येईल असं. हणमंतराव ट्रेलरच्या जुवावर बसले. महिन्याभरात बसलेले ते तेव्हा पहिल्यांदा दिसले. त्यांना लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. वैजयंतीबाई जवळ आल्या तेव्हा ते एवढंच म्हणाले, की तिकिटं काढून ठेवलीस ते बरं केलंस.

त्यावर बाईंनी 'मी सांगितलं होतं' असं म्हणायला हवं होतं. जगातल्या कुठल्याही बाईने म्हटलं असतं. त्या रिकामी बादली उचलून वर गेल्या.

पुढचे तीन दिवस टाकी झाकण उघडं टाकून उन्हात पडली होती आणि हणमंतराव घरात खुर्चीवर. पाना हातात घेतला नाही, कोणाचं दार वाजवलं नाही. शेजारी आता आपण होऊन विचारायला आले, की तब्येत बरी आहे ना. चौथ्या दिवशी सकाळी वैजयंतीबाईंनी चहा पुढ्यात ठेवला आणि विचारलं, की वास येतो तो नेमका कुठून. त्यांनी सांगितलं. टाकीत आडवे पत्रे असतात, गाडी वळताना पाणी हिंदकळू नये म्हणून. घाण त्या पत्र्यांच्या मागे बसते. तिथे पाइपाचं पाणी पोचत नाही, माणूस आत उतरायला हवा.

"मग तुम्ही का नाही उतरलात?"

हणमंतरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पोटावर हात ठेवला. बाई आयुष्यात क्वचित हसायच्या, तेव्हा हसल्या. मग खाली जाऊन त्यांनी झाकणाचं तोंड विती लावून मोजलं, वर आल्या, आणि माधवीची जुनी सलवार-कमीज मागून घेतली. लग्न झाल्यापासून त्या बाईने पहिल्यांदा लुगडं-साडी सोडून दुसरं काही अंगात घातलं.

हणमंतरावांनी नको नको म्हटलं. मग नको म्हणून चालणार नाही हे कळल्यावर त्यांनी फौजी डोकं चालवलं. कूलरचा पंखा काढून झाकणाशी लावला, आत वारा खेळता ठेवला, दर दहा मिनिटांनी बाहेर यायचं असा नियम केला. आत दिवा न्यायचा नव्हता, म्हणून माधवी आरसा धरून झाकणातून उन्हाचा कवडसा आत सोडत उभी राहिली. आणि वैजयंतीबाई टाकीत उतरून, गुडघ्यांवर वाकून, पत्र्यांच्या मागची काळी राड खरवडू लागल्या. तो गुडघा चोळल्याशिवाय जिना चढत नव्हता, हे हणमंतरावांना वर उभं राहून आठवत राहिलं.

टाकीतून आवाज घुमून यायचा. "काथ्या द्या." "सोडा." "हा डबा रिकामा करा." पार्किंगमधून जाणारा प्रत्येक जण थबकायचा, कारण हिरव्या फौजी टाकीच्या पोटातून एक बाई सुभेदारावर हुकूम सोडत होती. एकदा तर हणमंतराव सवयीने "जी साब" म्हणून गेले. माधवी इतकी हसली, की कवडसा भलतीकडेच गेला आणि आतून ओरडा आला.

दुसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही. झाकणाशी वाकून त्यांनी विचारलं, की तुला तर गावाला जायचंय, मग एवढी धडपड कशाला.

आतलं घासणं थांबलं. "जायचंय. पण मागं लोकांनी असं म्हणायला नको, की खराड्यांनी घासलेटाची टाकी आणली आणि पळाले."  मग आवाज खाली आला. "आणि हे तीन दिवस तुम्ही खुर्चीत बसलेलं पाहिलं मी. तिथंही असंच बसणार असाल, तर मला तो नळ नको."

हणमंतराव झाकणाशी सरळ झाले. डोळे पाणावले, ते त्यांनी वास लागला म्हणून पुसले.

तीन दिवस खरवडणं चाललं, मग तीन वेळा कढत पाण्याने धुणं. मग टाकी भरून एक अख्खी दुपार उन्हात तापत ठेवली, कारण वास असेल तर उन्हाने वर येतो. आला नाही. राजाभाऊंनी आपणहून एक बाटली भरून घेतली आणि लक्ष्मीबाई नगरच्या त्यांच्या एका केमिस्ट स्नेह्याकडून तपासून आणली. बाटलीबरोबर त्यांनी शेराही आणला: बिल्कुल ओके.

सतरा मेला, रविवारी सकाळी, टाकी पुन्हा भरून आली. या खेपेला नोटीस नव्हती, नारळ नव्हता. सहा-सात बादल्या होत्या, त्याही जरा लांबच उभ्या. हणमंतरावांनी पेला भरला, सवयीने ओठांपर्यंत नेला आणि तिथेच थांबले. मग तो त्यांनी वैजयंतीबाईंपुढे धरला.

"रीत आहे," ते म्हणाले. "ज्यानं टाकी दुरुस्त केली त्यानं."

बाईंनी पेला घेतला आणि एका दमात संपवला. पदराने तोंड पुसलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी रिकामा पेला नवऱ्याच्या हातात दिला, नळाखाली बादली लावली, ती भरल्यावर दुसरी लावली. रांग आपोआप पुढे सरकली.

दोन्ही बादल्या भरल्यावर बाई वाकल्या, पण त्याआधी हणमंतरावांनी त्या उचलल्या होत्या. पहिला मजला त्यांनी ऐटीत चढला. दुसऱ्यावर कड्या बोटांत रुतल्या, छातीचा भाता झाला, पाणी पायावर हिंदकळलं. वळणावर त्यांना बादल्या टेकवाव्या लागल्या. दोन उन्हाळे, टँकर आला की दोन-दोन खेपा, त्या गुडघ्यानं. आणि नोव्हेंबरपासून आपण घरी असूनही. महिनाभर घाम गाळून टाकी पार्किंगपर्यंत आणली, आणि पाणी दारात आणायचं म्हणजे हे शेवटचे तीन जिने, ते आपल्या डोक्यातच आले नव्हते. आपण इतके मूर्ख कसे, याचा त्यांना स्वतःचाच राग आला. त्यांनी बादल्या पुन्हा उचलल्या आणि मधे न थांबता वर नेऊन उंबऱ्यावर ठेवल्या.

वैजयंतीबाई मागून आल्या. दारातल्या बादल्यांकडे पाहिलं, त्यांच्या लाल झालेल्या बोटांकडे पाहिलं. आत जाऊन कपाट उघडलं, कागदाखालची तिकिटं काढून बघितली आणि परत तिथेच ठेवली.

"रविवारी आरक्षणाची खिडकी दोनपर्यंत असते," त्या म्हणाल्या. "जातानाची तिकिटं मी काढलीत. येतानाची तुम्ही काढून आणा."

हणमंतराव पायात चपला अडकवून निघाले. जिन्यात राजाभाऊ भेटले, दुसरी खेप किती वाजता म्हणून विचारू लागले. बारा वाजता, त्याच्या आत मी येतो, असं सांगून ते उतरत राहिले.